लिफ्टच्या दरवाजाचा कंट्रोलर: एस्टरेल किंवा लस्टर वापरून बघावं का?

बोर्डवाला: नमस्कार मंडळी. लिफ्टच्या दरवाजाचा कंट्रोलर करतोय, एसटीएम३२ चिपवर फ्रीआरटीओएस (टास्क आलटूनपालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम). बटणं, अडथळ्याचा सेन्सर आणि मोटर असे तीन टास्क आहेत. 'बंद कर' बटण आणि सेन्सर जवळजवळ एकदमच आले की कधी दरवाजा जागीच थांबतो तर कधी बोटभर पुढे सरकून मग मागे फिरतो, म्हणजे कुठला टास्क आधी धावला त्यावर सगळं अवलंबून, आणि डीबगर लावला की पठ्ठ्या एकदम शहाण्यासारखा वागतो. प्रायॉरिटी बदलून झाल्या, म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारं कुलूप) घालून झाले. एस्टरेल, लस्टर अशा सिंक्रोनस लँग्वेजेसबद्दल (ठरलेल्या ठोक्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा) वाचतोय पण 'रिअ‍ॅक्शनला, म्हणजे इनपुटवरून आउटपुट काढायला, शून्य वेळ लागतो' इथेच अडलो, खऱ्या चिपवर शून्य वेळ कसा लागेल?

टिक_टिक: शून्य वेळ हा विचार करण्यापुरता धरायचा हो. प्रत्यक्षात टायमर समजा दर १० मिलिसेकंदांनी (हा एक ठोका म्हणजे टिक) एक स्टेप फंक्शन बोलावतो, सुरुवातीला सगळे इनपुट एकदाच वाचायचे, शेवटी आउटपुट लिहायचे, मधे कोणी लुडबूड करत नाही. अट एकच, स्टेपचा वाईटात वाईट वेळ १० मिलिसेकंदांच्या आत हवा. कंपायलर बाहेर काढतो ते साधं सी असतं, त्यात मालॉक (चालता चालता मेमरी मागणं) नाही, टास्क स्विचिंग नाही, त्यामुळे हा वेळ काढणंही सोपं जातं.

तुमच्या केसमध्ये बटण आणि सेन्सर एकाच टिकमध्ये आले तर ते 'एकत्र आले' असंच धरलं जातं, आधी कोण हा प्रश्नच उरत नाही आणि मग काय करायचं ते तुम्हाला प्रोग्रॅममध्ये लिहावंच लागतं. एस्टरेलमध्ये 'दरवाजा बंद करत राहा' याभोवती अडथळ्याचा अबॉर्ट (अडथळा आला की आतलं काम तोडणारी सूचना) घातला की त्या टिकला आतला कोड धावतच नाही. वीक अबॉर्ट घातला तर त्या टिकपुरता शेवटचा एकदा धावतो. तो बोटभर सरकणारा दरवाजा म्हणजे नेमका हाच फरक, फक्त तुमच्याकडे तो शेड्युलर (कुठला टास्क कधी धावेल ते ठरवणारा भाग) ठरवतोय.

ग्रेनोबल_रिटर्न: वरच्याला +१. लस्टर फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं, कास्पी आणि हाल्ब्वाक्स यांचं. एस्टरेल फ्रान्समध्येच सोफिया अँटिपोलिसला बेरी यांच्या टीमचं, दोन्ही १९८० च्या दशकातली. एअरबस ए३८० च्या फ्लाइट कंट्रोलचं सॉफ्टवेअर ज्या स्केड नावाच्या टूलमध्ये केलं ते टूल लस्टरवरच उभं आहे, त्यामुळे हे नुसतं पेपर लिहिण्यापुरतं आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. स्केडचं लायसन्स महाग, पण हेप्टॅगन (लस्टरसारख्याच भाषेचा कंपायलर) फुकट आहे आणि सी काढून देतं. काइंड २ (लस्टर प्रोग्रॅम तपासणारं टूल) सुद्धा बघाच, 'अडथळा असताना मोटर बंदच्या दिशेला कधीच फिरणार नाही' हे लस्टरमध्ये लिहून तपासून घेता येतं, नसेल जमत तर नेमका कुठल्या टिकला बिघडतं तेही दाखवतो. मला तर यासाठीच ही भाषा आवडते.

डिस्प्ले आणि मॉडबस (इतर यंत्रांशी बोलायची पद्धत) मात्र यात कोंबू नका, ते राहू देत खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कमध्ये.

बोर्डवाला: भारी! पण सेन्सरचा पल्स २-३ मिलिसेकंदांचाच असेल तर? दोन टिकच्या मधेच निघून जाईल ना?

टिक_टिक: जाईल, म्हणून इंटरप्टमध्ये (सिग्नल येताच चालू काम थांबवून धावणारा कोड) नुसता फ्लॅग, म्हणजे 'पल्स आला' अशी खूण, लावायचा, बाकी काही नाही. टिकच्या सुरुवातीला इंटरप्ट बंद करून फ्लॅग कॉपी करा, क्लिअर करा, इंटरप्ट चालू करा, मग स्टेप बोलवा. कॉपी आणि क्लिअरच्या मधे इंटरप्ट घुसू दिलात तर तो पल्स हरवलाच समजा.