नागा शांतता आणि चर्च: मध्यस्थ की पक्षकार?

ईशान्यवेडा
नागा प्रश्नावरची, म्हणजे नागांच्या स्वतंत्र देशाच्या मागणीवरची चर्चा हल्ली १९९७ च्या शस्त्रसंधीपासून, नाहीतर थेट दिल्लीने केलेल्या २०१५ च्या फ्रेमवर्क करारापासून सुरू होते. १९६४ कुणी काढत नाही. माझं मत असं: तेव्हा बंदुका थांबल्या त्या चर्चमुळे, आणि आजही भूमिगत (सशस्त्र बंडखोर) गटांना एका खोलीत बसवायची ताकद तिथे चर्चएवढी कुणाकडे नाही.

१ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य झालं. फिझोंच्या बंडखोर नागा नॅशनल कौन्सिलने (एनएनसी) ते मानलं नाही. दोनेक महिन्यांत वोख्याला बाप्टिस्ट चर्चचं अधिवेशन भरलं आणि शांती मिशनसाठी ठरावात थेट नावंच सुचवली गेली: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा, इंग्लंडचे रेव्हरंड मायकेल स्कॉट आणि आपले शंकरराव देव. (देव मिशनमध्ये आले नाहीत, बाकीच्या तिघांनी काम केलं.) ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली.

तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. लष्कराने आपल्या चौकीपासून हजार यार्डांपलीकडे गस्त घालायची नाही, गावांची झडती नाही, हवाई कारवाई नाही, सक्तीने मजूर धरायचे नाहीत. भूमिगतांनी दबा धरून हल्ले, अपहरण, दंडवसुली आणि भरती थांबवायची. चौकी असलेल्या गावात गणवेशात किंवा हत्यार घेऊन फिरायचं नाही. 'शांतता राखावी' असलं मोघम काही नाही. कुणी काय मोडलं ते मोजता येईल अशी भाषा आहे.

जुना वकील
अटी उत्तम, पण मध्यस्थ तटस्थ होते का? १९६० मध्ये फिझोंना लंडनला पोचवण्यात ज्यांचा हात होता, तेच स्कॉट चार वर्षांनी मध्यस्थ. दिल्लीने संशय घेतला तर नवल काय? १९६६ च्या फेब्रुवारीत जेपींनी राजीनामा दिला, आसामात रेल्वेत स्फोट झाल्यावर चालिहा बाहेर पडले आणि मे महिन्यात सरकारने स्कॉटना देशाबाहेर काढलं. दीड-पावणेदोन वर्षांत मिशन संपलं. चर्चने सुचवलेल्या नावांतलं एक नाव एका बाजूला मुळातच मान्य होण्यासारखं नव्हतं. पंच निवडताना पहिली चाळणी हीच लावतात, ती इथे लागलीच नाही.

रानवाटा
वकीलसाहेब, मिशन संपलं, शस्त्रसंधी नाही. ती १९७२ च्या ऑगस्टअखेरपर्यंत टिकली. मुख्यमंत्री होकिशे सेमांवर हल्ला झाला, मग केंद्राने मुदतवाढ दिली नाही. मधल्या काळात मिशनने नेमलेले शांतता निरीक्षक तिथेच राहून तक्रारी तपासत होते. मार्जरी साइक्स, एम. आराम ही त्यातली नावं. एक गांधीवादी क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) बाई, एक सर्वोदयी. हे सगळं जुळून आलं ते चर्चच्या पुढाकारामुळे. फक्त राज्य सरकारने बोलावलं असतं तर जंगलातून कोण बाहेर आलं असतं?

जुना वकील
मग शिलाँग कराराचं काय? ११ नोव्हेंबर १९७५, देशात आणीबाणी, नागालँडमध्ये राष्ट्रपती राजवट. चर्चच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नागालँड पीस कौन्सिलने, म्हणजे लोंगरी आओ आणि मंडळींनी, भूमिगतांना राज्यपाल एल. पी. सिंहांसमोर आणलं. पहिल्याच कलमात संविधान 'विनाअट' मान्य. फिझोंच्या भावाची सही आहे, फिझोंची नाही, आणि लंडनमधून त्यांनी ना होकार दिला ना नकार. हत्यारं जमा करायचं वेळापत्रक ठरलं, पण सही करणाऱ्यांचा अधिकार कुणी तपासला नाही. एनएनसीतल्याच मुइवा, इसाक स्वू यांनी करार धुडकावला आणि १९८० मध्ये एनएससीएन (नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड) ही त्यांची वेगळी संघटना निघाली. थकलेल्या माणसांकडून सही घेणं सोपं असतं हो.

सातबारा
मुद्दा बरोबर, पण दोष एकट्या चर्चवर टाकू नका. मिझोरामशी ताडून बघा. तिथेही चर्च शांततेसाठी झटत होतं, पण ३० जून १९८६ चा करार टिकला कारण नेते लालडेंगांची सही झाली की बंडखोर मिझो नॅशनल फ्रंटची झाली. नागांकडे असा एक माणूस फिझोंनंतर उरलाच नाही.

दुसरी गोष्ट रचनेची. बाप्टिस्टांमध्ये बिशप नसतो. आओ, अंगामी, लोथा, सेमा, प्रत्येक जमातीची आपली संघटना आणि त्याखाली बऱ्यापैकी स्वायत्त गावचर्च. कोहिम्यातली बाप्टिस्ट चर्चची राज्य परिषद आवाहन करू शकते, हुकूम सोडू शकत नाही. गावोगाव निरोप रविवारी पोचतो हा फायदा, पण जमातीजमातींत फाटलं की चर्चही त्याच रेषेवर उभं राहतं हा तोटा.

कोयनाकाठ
आणि तोटा छोटा नाही. १९९२ पासून मणिपुरात नागा-कुकी कत्तली झाल्या, दोन्हीकडे ख्रिस्ती, दोन्हीकडे बाप्टिस्ट. शिवाय 'नागालँड फॉर ख्राइस्ट' ही घोषणाच मुळात एनएससीएनची. ज्या संघटनेच्या झेंड्यामागे तुमचा धर्म आहे तिच्याशी तुम्ही मध्यस्थ म्हणून बोलणार, की पाद्री म्हणून रागावणार?

ईशान्यवेडा
दोन्ही करावं लागतं, आणि झालंही आहे. २००८ मध्ये फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन (नागा गटांत समेट घडवणारा मंच) उभा राहिला, नेतृत्व रेव्हरंड वाती आइएर यांचं. दिल्लीशी बोलणी हे त्यांचं काम नव्हतं, आधी नागांनी नागांना मारणं थांबवायचं. क्वेकर आणि अमेरिकन बाप्टिस्टांच्या मदतीने थायलंडमधल्या चिआंग माईला बैठका झाल्या, कारण आपल्या मुलखात कुठला गट कुठे बसणार इथूनच वाद पेटतो. कोहिम्यात भूमिगत विरुद्ध नागरी समाज असा फुटबॉल सामनाही झाला. १३ जून २००९ ला इसाक स्वू, खापलांग आणि एनएनसीचे सिंगन्या यांनी एकाच कागदावर सह्या केल्या. १९८८ मध्ये एनएससीएन इसाक-मुइवा आणि खापलांग अशा दोन गटांत फुटली, त्यानंतरचं रक्त आठवा, मग त्या कागदाची किंमत कळेल.

जुना वकील
किंमत मान्य. पण २०१५ चा करार दिल्लीने एनएससीएनच्या इसाक-मुइवा गटाशी केला आणि २०१७ मध्ये इतर गटांच्या समितीशी वेगळा. १४ सप्टेंबर २०२२ ला फोरमने या दोघांकडून एकत्र निवेदन काढून घेतलं, तरी वेगळा झेंडा आणि वेगळी घटना हे प्रश्न जागचे हलले नाहीत. तिथे पाद्र्याचा शब्द चालत नाही, गृह मंत्रालयाचा चालतो.

रानवाटा
गृह मंत्रालयाने दोन वेगवेगळे कागद केले म्हणूनच फोरमला २०२२ ची धावपळ करावी लागली. तेवढं तरी चर्चच्या खात्यावर मांडू नका.