शब्दचर्चा : डेटाबेसवर देखरेख, पाळत की निगराणी?

धंतोलीकर : कॉलेजच्या लॅबसाठी मराठीत टिपण लिहितोय. नेटवर्कवरच्या एका मशीनवर प्रोमिथियस (आकडे गोळा करून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि दुसऱ्या मशीनवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर लक्ष ठेवायचं, एवढाच विषय. मॉनिटरिंगला सरकारी शब्द आहे 'संनियंत्रण'. तो वाचून आमचे लॅब असिस्टंट म्हणाले, "भाऊ, याच्यानं डेटाबेस कंट्रोल होते का?" दुसरा शब्द सुचवा.

धरमपेठकर : त्यांची शंका रास्त आहे. नियंत्रण म्हटलं की हुकूम चालवणं आलं. इथे तर नेमकं तेच टाळायचं असतं. एक्सपोर्टरसाठी (पोस्टग्रेसचे आकडे प्रोमिथियसला वाचता येतील असे मांडणारा छोटा प्रोग्राम) डेटाबेसमध्ये वेगळा युजर काढून त्याला 'पीजी_मॉनिटर' हा रोल, म्हणजे ठरावीक अधिकारांचा संच, द्यायचा (पोस्टग्रेस १० पासून आहे). त्याला आकडेवारी वाचता येते, तुमच्या टेबलांना हात लावता येत नाही. तेव्हा 'देखरेख' लिहा. 'पाळत' नको, ती संशयितावर ठेवतात.

महालवाला : निगराणी काऊन नाही? आपल्याकडे सर्रास बोलतात.

धरमपेठकर : बोलण्यात चालते हो. छापील टिपणात हिंदी वाटेल.

धंतोलीकर : बरं, प्रोमिथियस आकडे गोळा करतं त्या 'स्क्रेप'चं काय? खरवडणे लिहिलं तर पोरं हसतील.

धरमपेठकर : 'रीडिंग घेणे' लिहा. काम कोण करतं तेही त्यातून कळतं. प्रोमिथियस ठरावीक वेळानं स्वतः एक्सपोर्टरकडे जाऊन आकडे घेतं, पोस्टग्रेस त्याला काही पाठवत नाही. तुम्ही 'डेटा पाठवला जातो' लिहिलंत की पोरं फायरवॉल भलत्याच मशीनवर उघडतील आणि टार्गेट (जिथून रीडिंग घ्यायचं ते ठिकाण) 'डाऊन' का दिसतंय म्हणून डोकं खाजवतील. एक्सपोर्टरचं ९१८७ पोर्ट डेटाबेसच्या मशीनवर उघडायचं, तेही फक्त देखरेख सर्व्हरच्या आयपीला. एक्सपोर्टर डेटाबेसच्याच मशीनवर असेल तर देखरेखीसाठी पोस्टग्रेसचं स्वतःचं ५४३२ पोर्ट बाहेर उघडायची गरजच नाही.

महालवाला : वॉर्निंग आणि क्रिटिकलसाठी नवे शब्द पाडू नका. वैनगंगेच्या पुराच्या बातम्यांत तयार जोडी आहे : इशारा पातळी, धोका पातळी. डिस्क ८० टक्के भरली की इशारा, ९० ला धोका. कोणालाही कळते.

धंतोलीकर : वा! थ्रेशोल्डचा, म्हणजे याच पातळीचा, 'उंबरठा' केला होता, तो खोडला. इशाऱ्याच्या नियमात किती वेळ थांबायचं ते सांगणाऱ्या 'फॉर'साठी 'पातळी ओलांडून ५ मिनिटं टिकली तरच' असं वाक्यच लिहितो. 'कॉन्फिगर' तसंच ठेवू ना?

धरमपेठकर : ठेवा, 'संरूपण' कोणी शोधणार नाही. प्रोमिथियसची सेटिंग्ज लिहायच्या वायएमएल फाईलमध्ये ओळी आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची, हे मात्र ठळक छापा.