गुरुवारचा आकडा: दोन लाख क्लेम म्हणजे सगळं आलबेल?

गुरुवारकर (धागाकर्ता, एडिसन, न्यू जर्सी)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सलग दोन गुरुवारी जे झालं, त्यामुळे हा धागा काढतोय.

४ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेच्या कामगार खात्याचा आकडा आला. २९ नोव्हेंबरला संपलेल्या आठवड्यात बेरोजगारी भत्त्यासाठी नवे अर्ज, म्हणजेच क्लेम, १ लाख ९१ हजार, म्हणजे सप्टेंबर २०२२ नंतरचे सर्वांत कमी. ग्रुपवर पेढे. पुढच्या गुरुवारी आकडा २ लाख ३६ हजार. त्याच ग्रुपवर त्याच मंडळींचा सल्ला: मंदी आली, घराचं बुकिंग थांबवा.

अहो, मध्ये थँक्सगिव्हिंग होतं! सुट्टीच्या आठवड्यात कोण अर्ज भरत बसतो? तो पुढच्या आठवड्यात भरतो. सण २२ ते २८ नोव्हेंबर असा मागेपुढे सरकतो, त्यामुळे हंगामी हिशेब बसवणाऱ्यांचीही दरवर्षी तारांबळ उडते. एका वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, तर कपड्याच्या दुकानदाराने महिन्याला महिना ताडून पाहावं का? तसंच हे. म्हणून चार आठवड्यांची सरासरी बघायची. ती त्या दुसऱ्या गुरुवारी २ लाख १७ हजारांच्या आसपास होती, जवळपास जागची हललेली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की अमेरिकेच्या सगळ्या आकड्यांत हा सर्वांत प्रामाणिक. बेरोजगारीचा दर ६० हजार घरांना विचारून काढतात. हा आकडा विचारून नाही, मोजून येतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकार बंद होतं, तेव्हा ऑक्टोबरचा दर निघालाच नाही, ती जागा कायमची रिकामी राहिली. क्लेमचं केंद्राचं पत्रकही थांबलं होतं, पण राज्यं अर्ज मोजतच होती आणि अर्थतज्ज्ञांनी त्यांची बेरीज घरी बसून केली. २६ मार्च २०२० आठवा: ३२ लाख ८३ हजार. पुढच्या गुरुवारी ६६ लाख ४८ हजार. त्याआधीचा विक्रम ऑक्टोबर १९८२ चा होता, ६ लाख ९५ हजार. कोविडने नोकऱ्यांचं काय केलं ते सगळ्यांत आधी या आकड्याने सांगितलं.

तेव्हा लिंक्डइनवरचे हुंदके वाचून घाबरू नका. सरासरी अडीच लाखांच्या आत आहे तोवर मी मंदी म्हणणार नाही.

ओसरी

आकडा खरा असेल हो. पण फेब्रुवारीत माझी नोकरी गेली, तेव्हा मी त्यात नव्हते.

मंगळवार, सकाळी साडेनऊ, पंधरा मिनिटांची मीटिंग. बाराव्या मिनिटाला लॅपटॉप लॉक. तिसऱ्या दिवशी कुरिअरने रिकामा खोका दारात, लॅपटॉप परत पाठवायला. आत फोम आणि चिकटपट्टीसुद्धा होती, काय ती तत्परता. मी एच-वनवर, म्हणजे कंपनीशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर. न्यू जर्सीत बेरोजगारी विम्याची कपात कर्मचाऱ्याच्याही पगारातून होते, फार थोड्या राज्यांत अशी पद्धत आहे. अकरा वर्षं पे-स्लिपवर ती ओळ बघितली. पण भत्त्याची अट अशी की तुम्ही कामासाठी 'उपलब्ध' हवं, आणि एच-वनवाला नव्या कंपनीने अर्ज केल्याशिवाय कायद्याने उपलब्ध नसतो. हातात ६० दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी लाल पेनाने एकेक चौकोन खोडत होते. चतुर्थी कधी, प्रदोष कधी, आणि देश सोडायची तारीख कधी, सगळं एकाच पानावर.

अर्ज केलाच नाही. मिळणार नाही हे माहीत असताना कशाला करायचा? तेव्हा त्या आठवड्यातल्या तुमच्या दोन लाख कितीतरी हजारांत माझी भर शून्य. आमच्या टीममध्ये काढलेल्या नऊ जणांत सहा एच-वन. 'लिंक्डइनवरचे हुंदके' हा शब्द मागे घ्या, ही विनंती.

गुरुवारकर

शब्द मागे घेतला, ताई. चुकलंच.

पण मुद्दा सोडत नाही. एच-वनवाले आधीही या आकड्यात नव्हते आणि आजही नाहीत. घरातला वजनकाटा दोन किलो कमी दाखवत असेल तरी वजन वाढतंय की घटतंय, हे कळतंच ना?

बंड्याचे_बाबा

काटा प्रत्येक वेळी तेवढेच दोन किलो कमी दाखवत असेल तर कळतं. इथे तसं आहे का?

चिरंजीव मे महिन्यात कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन घरी आले ते अजून घरीच आहेत. अर्जांची एक्सेल शीट केलीय, तीनशेव्या ओळीनंतर मी बघायचं सोडलं. त्याला कोणी काढलेलंच नाही, कारण कोणी घेतलेलंच नाही. आधी पगार नाही म्हणून भत्ता नाही, भत्ता नाही म्हणून क्लेम नाही. सध्या कंपन्या काढत नाहीत आणि घेतही नाहीत, हे सगळेच म्हणताहेत. तुमचा आकडा एसटीतून उतरणारे मोजतो. स्टँडवर ताटकळणाऱ्यांना कोण मोजणार?

उबर चालवणारे, फ्रीलान्सर, सगळे बाहेर. २०२० मध्ये त्यांच्यासाठी वेगळी योजना काढली, ती सप्टेंबर २०२१ ला गुंडाळली. एकूण बेरोजगारांत भत्ता मिळणारे एक तृतीयांशही नसतात, आणि तुम्ही याला प्रामाणिक आकडा म्हणताय.

कारकून_खिडकी_७

एका राज्याच्या बेरोजगारी खात्यात सहा वर्षं क्लेम तपासलेत (राज्य सांगत नाही, जुने सहकारी इथे वाचतात). दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

गुरुवारकर, नवा क्लेम म्हणजे आलेला अर्ज, मंजूर झालेला नव्हे. कोणीही भरला की मोजला. म्हणून तर ६ सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आठवड्यात आकडा २ लाख ६३ हजारांवर गेला आणि जगभर बोंब झाली. नंतर कळलं की टेक्सासमध्ये खोट्या अर्जांचा पूर आला होता, चोरलेल्या ओळखीवर भत्ता लाटायचा प्रयत्न. पुढच्या आठवड्यात आकडा खाली. मोजणारा प्रामाणिक असतो, भरणारा असेलच असं नाही. आणि शाळांना वसंतातली सुट्टी लागली की न्यूयॉर्कचा आकडा फुगतो, त्याला मंदी म्हणत नाहीत.

बंड्याचे बाबा, तुमचं दुखणं खरं आहे, पण या आकड्याने कधी भरती मोजतो असं म्हटलंच नव्हतं. गुरुवारच्या त्याच पत्रकात खाली दुसरी ओळ असते, चालू क्लेमची, म्हणजे आधीपासून भत्त्यावर असलेले किती. तो आकडा आणखी एक आठवडा मागचा असतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ती ओळ साडेएकोणीस लाखांच्या वर गेली होती, २०२१ नंतर प्रथमच, आणि तेव्हा नवे अर्ज मात्र शांत. उतरणारे तेवढेच, पण उतरलेल्याला पुढची गाडी मिळेना. तुमची एसटी स्टँडवरची गर्दी थोडीफार दिसते ती तिथे. अर्थात ज्याचा २६ आठवड्यांचा भत्ता संपला तो त्याही ओळीतून गायब. फ्लोरिडात तर १२ आठवड्यांतच.

एक प्रसंग सांगतो. भत्ता चालू ठेवायला दर आठवड्याला प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: कामाला सक्षम होता का, उपलब्ध होता का, काम शोधलं का, काही कमावलं का. एका गोदाम कामगाराने 'उपलब्ध होता का' याला 'नाही' लिहिलं. का, तर बुधवारी मुलाला घेऊन इमर्जन्सीत बसला होता. यंत्राने आठवडा रोखला, फाइल माझ्या टेबलावर आली. फोन केला तर म्हणतो, "साहेब, खरं लिहा असं वरच लिहिलं होतं." ती फाइल मोकळी व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तो कुठल्या ओळीत होता, मला विचारू नका.

हिंजवडी_फेज_२

आमच्याकडे हा आकडा गुरुवारी संध्याकाळी सातला (उन्हाळ्यात सहाला) फुटतो, नेमका कंपनीच्या बसमध्ये असताना. क्लायंट अमेरिकेचा, तेव्हा बघावंच लागतं. गंमत अशी की तिकडे क्लेम वाढले की इथे शेजारचा ट्रेडर खूश, 'फेड (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदर कापणार'. आणि माझ्या पोटात गोळा, कारण क्लायंट आधी आमचं प्रोजेक्ट कापणार.

बाकी तुम्ही नशीबवान, भांडायला आकडा तरी आहे. आपल्याकडे ईएसआयसीची (कामगार विमा महामंडळाची) नोकरी गेलेल्यांसाठी अटल योजना आहे, ९० दिवस निम्मा पगार, तोही आयुष्यात एकदाच. त्यात महिना २१ हजारांच्या वर पगार असला की ईएसआयसीच नाही. मी बेंचवरून (प्रोजेक्ट नसताना कंपनीत नुसतं बसून राहणं) घरी गेलो तर मला मोजणारी व्यक्ती एकच, आई.

गुरुवारकर

खिडकी ७, टेक्सासचा मुद्दा मान्य. 'सर्वांत प्रामाणिक' ऐवजी 'सर्वांत ताजा' म्हणतो. दुसऱ्या ओळीकडे मी आजवर ओझरतंच बघायचो, आता बघेन. पण बंड्याच्या बाबांनी मंदी आली असं म्हटलं तर मी अजूनही नाहीच म्हणणार. कंपन्या खरंच धडाधड काढायला लागल्या तर ते या आकड्यात लपत नाही. मार्च २००९ मध्ये ६ लाख ६५ हजार झाले होते, ते काय सणामुळे?

बंड्याचे_बाबा

मंदी म्हणा, नका म्हणू. शीट चारशेवर गेली.

ओसरी

एक राहिलं सांगायचं. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची पायरी पुढे गेलेली होती, म्हणून मी ६० दिवसांच्या आत त्याच्या व्हिसावर डिपेंडंट व्हायचा अर्ज केला. वर्क परमिट यायला ऑगस्ट उजाडला. ते आल्यावर मी 'उपलब्ध' झाले, तेव्हा भत्त्याचा अर्ज भरला आणि मंजूरही झाला. म्हणजे गुरुवारकर, फेब्रुवारीत गेलेली माझी नोकरी तुमच्या पत्रकात ऑगस्टमध्ये गेली. त्या आठवड्यातही तुम्ही ग्रुपवर 'सगळं शांत' असं टाकलं होतं का, बघा बरं शोधून.

गुरुवारकर

शोधलं. टाकलं होतं.

कारकून_खिडकी_७

ओसरीताई, या रविवारची उत्तरं लवकर भरून टाका. नाताळाच्या तोंडावर साइट रखडते आणि फोन कोणी उचलत नाही.