बाबांची मेडल फ्रेम करायची आहेत, आधी घासून घ्यावीत का?

प्रश्न: ट्रंकवाला, कोथरूड
बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, १९७१ ला पूर्व आघाडीवर. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्याआधी फ्रेम भिंतीवर लागावी अशी इच्छा आहे. ट्रंकेत पाच मेडल आहेत (‘पूर्वी स्टार’ म्हणजे पूर्व आघाडीचं मेडल, संग्राम, सैन्य सेवा, २५ वा स्वातंत्र्य वर्धापन, नऊ वर्षं दीर्घ सेवा), शिवाय लोकरी जर्सी आणि डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्तीचं नोंदपुस्तक). मेडल काळवंडलीत, रिबनी विरल्यात. आई म्हणते चिंच लाव. फ्रेमवाला प्लायवर हिरवं वेल्वेट चिकटवतो म्हणतोय. चालेल?

कळंक
चिंच, पितांबरी, ब्रासो, काहीही नको! आधी भिंग घेऊन मेडलची कड बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव असतं. अक्षरं उथळ असतात, घासल्यावर पहिली तीच जातात आणि मग ते मेडल कुणाचंही. पूर्वी स्टार ब्राँझचा आहे, त्याचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. मऊ कोरडा ब्रश फिरवा, सुती कापडाने टिपा, बस्स. हिरवा भुकटीसारखा कळंक असेल तर तेवढाच लाकडी टूथपिकने खरवडा. हातमोजे घाला, घामाचे डाग धातूवर उमटतात. रिबनला पाणी लावू नका, रंग एकमेकांत उतरतात. नवी रिबन घेताना रुंदी ३२ मिमी बघा आणि जुनी जोडून रंग ताडून घ्या. जुनी टाकायची नाही, पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीला ठेवा.
क्रम तुम्ही लिहिलाय तोच. बघणाऱ्याच्या डावीकडे पूर्वी स्टार.

रविवार पेठ
वेल्वेट-प्लायला माझा ठाम नकार. प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटत राहते, बंद पेटीत ती कोंडते आणि वर्ष-दोन वर्षांत धातू पुन्हा काळा. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री बोर्ड सांगा, पेटीची आतली खोली ४ सेमी, काच आणि मेडल यांत किमान १ सेमी अंतर. काचेला मेडल टेकलं की पावसाळ्यात तिथेच ओल धरते. बोर्डावर मांजरपाट ताणायचा, पण आधी दोनदा धुऊन खळ काढा, खळीवर कसर येते. लोकरी कापड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मेडल बोर्डाला शिवायची, फेविकॉल अजिबात नाही.
फ्रेम पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर नको. आपल्याकडे पाऊस तिकडूनच झोडपतो, भिंत ओली राहते. मागे चार कोपऱ्यांना ५ मिमी बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. समोरून ऊन येत असेल तर रिबनींचा रंग उडणारच, काच कितीही महागाची घ्या.
आणि हो, मेडल दुकानात ठेवून येऊ नका. रिकामी पेटी बनवून आणा, बाकीचं घरी.

कसर-तज्ज्ञ
जर्सी फ्रेममध्ये नकोच. आधी कसर मारा: जाड पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव जमतं आणि मग बुरशी. नंतर धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका.

ट्रंकवाला
सगळ्यांचे आभार. प्लाय रद्द. दोन शंका: नातू २६ जानेवारीला शाळेत मेडल लावू शकेल का? आणि डिस्चार्ज बुक फ्रेममध्ये?

कळंक
लावायची तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. लष्करी गणवेश मात्र घालू नये.
डिस्चार्ज बुक फ्रेममध्ये नाही, लॅमिनेशनही नाही. आईंच्या पेन्शनच्या कामाला मूळ प्रत लागू शकते. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, कारण शिक्के पाठीमागे असतात. आईंचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं का तेही आत्ताच तपासा. फरक असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे बेळगावशी, पत्रव्यवहार करावा लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज भरायला मदत करतं.

ट्रंकवाला
शिवायचं काम आईच करणार म्हणते. सुई-दोरा कुठला?

रविवार पेठ
पॉलिएस्टर दोरा, दुहेरी. सुई रिबनमधून घालू देऊ नका, भोकं राहतात. मागच्या बारभोवती (रिबन जिला अडकते ती धातूची पट्टी) दोन्ही टोकांना तीन-तीन टाके, मध्ये एक. गाठ बोर्डाच्या पाठीमागे. मेडल खाली मोकळी लोंबू द्या.