जुन्या फ्लॅटमधील संडास-बाथरूम एकत्र करताना प्लंबिंगचे नियोजन कोठून सुरू करावे?

तिसरा_मजला यांचा प्रश्न

पुण्यात कोथरूडमध्ये 1990 च्या दशकात बांधलेल्या तीन मजली इमारतीत आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. आमचे बाथरूम सात फूट बाय साडेचार फूट असून त्याला लागून साडेचार बाय तीन फुटांचा स्वतंत्र संडास आहे. आई-वडिलांना आता भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसणे जमत नाही, म्हणून मधली चार इंची भिंत काढून दोन्ही एकत्र करावे आणि कमोड बसवावा, असे ठरवले आहे. डक्ट (उभ्या पाइपांसाठी सोडलेली मोकळी जागा) सध्याच्या संडासाच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि त्यात बिडाचे दोन उभे पाइप आहेत. घरातील पाण्याची लाइन जी.आय.ची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) असून गरम पाण्याच्या नळातून सकाळी आधी तांबूस पाणी येते.

आमच्या मनात कमोड बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डक्टपासून सुमारे नऊ फुटांवर, भिंतीवर टांगलेला घ्यावा आणि दाराजवळ मोठा रेन शॉवर व कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत गाडलेला, पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) बसवावा, असे आहे. प्लंबर प्रत्येक गोष्टीला “होऊन जाईल” एवढेच म्हणतो. टाइल्स आणि नळ निवडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी निश्चित कराव्यात, आणि कमोडची जागा अशी हलवणे योग्य ठरेल का?

ओळंबा यांचे उत्तर

आपण शॉवरपासून विचार सुरू केला आहे. तो सांडपाण्यापासून सुरू करावा. नळाला येणारे पाणी दाबाखाली असल्याने त्याची पाइपलाइन वर-खाली, कोपऱ्याला वळसा घालून कशीही नेता येते. सांडपाणी मात्र केवळ उतारावर वाहते, आणि उतारासाठी लागणारी खोली आपल्याला स्लॅबच्या सन्कमध्ये (पाइपांसाठी खाली घेतलेल्या खोलगट भागात) जेवढी मिळाली आहे तेवढीच असते. म्हणून कमोडची जागा आधी, नहाणी ट्रॅपची (मोरीतील जाळीखालचा, दुर्गंधी अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा भाग) त्यानंतर, आणि नळ-शॉवर सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवावा.

नऊ फुटांचा हिशेब करून पाहा. मैलापाण्याचा पाइप 110 मिमीचा. त्याला साठास एक असा उतार दिला तर 2.7 मीटर अंतरात 45 मिमी जातात. खाली वॉटरप्रूफिंगचा थर सुमारे 50 मिमी, वर मसाला आणि फरशी मिळून आणखी 50 मिमी. ही बेरीज 255 मिमी होते, आणि कमोडखालचा बेंड अजून मोजलेला नाही. सन्क 300 मिमीचा असेल तर हे जेमतेम बसेल; त्याहून कमी असेल तर फरशी उचलावी लागेल आणि बाथरूमच्या दारात पायरी येईल, जी आपल्या आई-वडिलांसाठीच गैरसोयीची आहे.

याहून महत्त्वाची शंका मधल्या भिंतीखाली काय आहे, याची. जुन्या इमारतींत संडासाचा सन्क खोल आणि बाथरूमचा उथळ असे अनेकदा आढळते, आणि दोहोंच्या मध्ये तुळई असू शकते. तुळई असेल तर पाइपसाठी तिला भोक पाडण्याचा विषयच काढू नये. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमचे छत एकदा पाहून या, म्हणजे दोन्ही सन्कची पातळी आणि तुळई फोडाफोडीआधीच कळेल.

माझे मत असे की कमोड डक्टच्या भिंतीवरच ठेवावा. तसे केल्यास पी-ट्रॅपचा, म्हणजे मागे भिंतीकडे तोंड असलेला, कमोड घेता येतो. त्याचा पाइप तयार फरशीपासून साधारण 180 ते 185 मिमी उंचीवर सरळ भिंतीतून डक्टमध्ये जातो, आणि मैलापाण्याचा एकही जोड फरशीखाली राहत नाही. पुढे कधी गळती झालीच तर ती डक्टमध्ये दिसेल, खालच्यांच्या छतावर नाही. मात्र बिडाच्या उभ्या पाइपवरील जोड बदलावा लागेल. तो पाइप सोसायटीचा आहे, त्यामुळे कमिटीची लेखी परवानगी घ्यावी आणि कामाच्या दिवशी खालच्या मजल्यांना पूर्वसूचना द्यावी.

भिंतीवर टांगलेला कमोड हवाच असेल, तर चार इंची भिंतीवर त्याचा भार टाकू नये. फरशीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम घेऊन तिच्यापुढे वेगळी पडदी बांधावी लागते, आणि त्यात सहा ते आठ इंच जागा जाते. साडेचार फुटांच्या रुंदीत हा सौदा मला महाग वाटतो.

कोबा_आणि_कोरडे यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र डक्टमधील दोन पाइपांचा मुद्दा राहून गेला. आपल्याकडे दोन पाइप आहेत याचा अर्थ बहुधा एक फक्त मैल्यासाठी आणि दुसरा अंघोळ-बेसिनच्या पाण्यासाठी आहे. दुसरा पाइप खाली जमिनीलगत गली ट्रॅपमध्ये (जाळी असलेल्या बाहेरच्या सांडपाण्याच्या ट्रॅपमध्ये) सुटतो, आणि कमोड त्याला जोडला गेला तर मैला त्या जाळीवर उघड्यावर येतो. उलट बाजूने, जवळ पडतो म्हणून नहाणी ट्रॅप मैल्याच्या पाइपला जोडण्याचा मोह प्लंबरला होतो. त्या पाइपची हवा खेळती नसेल, तर खालून कोणी फ्लश केल्यावर ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि बाथरूममध्ये दुर्गंधी शिरते. कोणता पाइप कशाचा, हे बादलीभर रंगीत पाणी ओतून खालच्या चेंबरपाशी एकाने उभे राहून खात्री करून घ्यावे, आणि मगच खडूने डक्टच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

नहाणी ट्रॅपमध्ये किमान 50 मिमी पाणी उभे राहील असाच ट्रॅप घ्यावा. बाजारात मिळणारे उथळ ट्रॅप आठवडाभर घर बंद राहिले की कोरडे पडतात. बेसिनचा पाइप त्याच ट्रॅपमध्ये वरच्या बाजूने सोडला, तर हात धुतले तरी ट्रॅप भरलेला राहतो.

सन्क पूर्ण उकरल्यावर वॉटरप्रूफिंग भिंतीवरही किमान एक फूट चढवावे, शॉवरच्या कोपऱ्यात त्याहून वर. त्यानंतर ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारावी आणि 48 तास थांबावे. कंत्राटदार घाई करेल, तेथे ऐकू नये. शेजाऱ्यांचे छत कामापूर्वी आणि या चाचणीनंतर, दोन्ही वेळा त्यांच्यासमक्ष पाहावे व फोटो काढावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. घरातील संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. छतावरचा जुना डाग कोणाचा, यावर पुढे वाद होऊ नये, एवढ्यासाठी हे फोटो.

तिसरा_मजला

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. काल खाली जाऊन पाहिले. मधल्या भिंतीखाली तुळई आहे आणि बाथरूमचा सन्क संडासापेक्षा स्पष्टपणे उथळ आहे, त्यामुळे कमोड डक्टच्या भिंतीवरच घेणार आहोत. आता पाण्याच्या बाजूचे विचारतो. जी.आय. लाइन पूर्ण बदलावी का, आणि रेन शॉवर व डायव्हर्टर आमच्याकडे चालेल का?

ओळंबा

तांबूस पाणी येते आहे, म्हणजे लाइन आतून गंजली आहे. भिंत उघडीच असताना ती अर्धवट ठेवू नये. थंड आणि गरम, दोन्हींसाठी सी.पी.व्ही.सी. (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप) वापरावा, भिंतीतला सगळा एस.डी.आर. 11 जाडीचा (बाहेरचा व्यास पाइपच्या जाडीच्या अकरा पट). मुख्य लाइन पाऊण इंची ठेवून प्रत्येक पॉइंटला अर्धा इंची फाटा द्यावा. गीझरच्या तोंडाशी प्लॅस्टिकचे आटे लावू नयेत, पितळी आट्यांची जोडणीच घ्यावी.

दाबाचे गणित वरच्या मजल्यासाठी निर्दयी आहे. पाण्याचा स्तंभ दर मीटरला साधारण 0.1 बार दाब देतो. आपली टाकी गच्चीपासून दीड मीटर उंच आणि शॉवर छताच्या पाऊण मीटर खाली धरला, तर मिळतात सव्वादोन मीटर, म्हणजे पाव बारही नाही. खोक्यावर छापलेला किमान दाब वाचल्याशिवाय डायव्हर्टर विकत घेऊ नका. अनेकांवर एक बार किंवा अधिक लिहिलेले असते. पंप न बसवता काम भागवायचे असेल, तर साधा वॉल मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ) आणि लहान जाळीचा शॉवर पुरेल.

पंप बसवायचाच असेल, तर तो टाकीतून येणाऱ्या लाइनवर, गीझरचा फाटा फुटण्याच्या आधी बसवावा. केवळ थंड लाइनवर बसवल्यास मिक्सरमध्ये थंड पाण्याचा जोर गरम पाण्याला मागे ढकलतो आणि शॉवरखाली तापमान सतत बदलत राहते.

डायव्हर्टर घेतलाच, तर एक गोष्ट स्वतः उभे राहून तपासावी. त्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात, आणि टाइलचा तयार पृष्ठभाग त्यांच्या मध्ये यावा लागतो. प्लंबर तो विटेला टेकवून बसवतो. त्यावर गिलावा, चिकटवण्याचा मसाला आणि टाइल मिळून तीस-पस्तीस मिमी चढतात आणि हँडल आत बुडते. म्हणून टाइलचा एक तुकडा हातात घेऊन, भिंतीवर दोरी धरून खोली ठरवून घ्यावी.

कोबा_आणि_कोरडे

एक भर घालतो. गिलावा करण्यापूर्वी सर्व पॉइंटना प्लग लावून हातपंपाने दाब द्यावा आणि गेजचा काटा रात्रभर स्थिर राहतो का, ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी दिसेल असा, फोटो काढावा. आई-वडिलांसाठी कमोडशेजारी धरायचा दांडा लावणार असाल, तर त्याची जागाही आताच ठरवून तेथून पाइप नेऊ नये, म्हणजे ड्रिल लाइनमध्ये जाणार नाही. बाथरूमचा स्वतंत्र बंद करायचा कॉक दाराबाहेर, हात पोचेल अशा उंचीवर ठेवावा. माळ्यावर ठेवल्यास गळतीच्या वेळी शिडी शोधावी लागते.