‘भाडे पगाराच्या ३० टक्क्यांत बसवा’ हा सल्ला मी पाळून पाहिला आहे

सातवा मजला:
पुण्यात नव्याने नोकरीला येणाऱ्यांसाठी इथल्याच एका सदस्याने काल लिहिले की भाडे पगाराच्या ३० टक्क्यांत बसवावे, त्यासाठी शहराच्या कडेला जावे लागले तरी जावे, आणि उरलेला खर्च आपोआप जमतो. हा सल्ला मी २०२२ साली तंतोतंत पाळला होता, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

नोकरी हिंजवडीत होती. शेजारच्या वाकडला १९,५०० रुपयांत देखभाल खर्चासह वन बीएचके मिळत होता, पण तो ३० टक्क्यांत बसत नव्हता, म्हणून लांब धायरीत १३,००० चे घर भाड्याने घेतले. तिथे देखभालीचे १,५०० वेगळे द्यायचे आहेत, हे करारावर सही करायला बसल्यावर कळले. रोज जाऊन-येऊन ४८ किलोमीटर दुचाकी चालवली, त्याचे पेट्रोल २,४५० रुपये. टायर, ऑइल वगैरे ५००. धो धो पावसाचे आणि उशिराच्या कामाचे दिवस धरून कॅबचे सरासरी १,२००. मार्च ते जून टँकरची वर्गणी निघायची, ती वर्षावर पसरली तर महिना २००. एकूण १८,८५०. वाकडला राहिलो असतो तर १९,५०० आणि पेट्रोलचे ४०० धरून १९,९०० झाले असते. म्हणजे महिन्याला १,०५० रुपये वाचवण्यासाठी मी निदान ४० तास वाटेवरच्या नवले पूल आणि भूमकर चौक इथल्या कोंडीला वाहिले.

पै-पैचा हिशेब:
दुसऱ्याच्या हिशेबाला नावे ठेवणाऱ्याने आपली बेरीज तरी पुरी मांडावी. आपण दलाली धरलेलीच नाही. एका महिन्याचे भाडे दलालाला जाते, ते अकरा महिन्यांवर पसरले तर धायरीत १,१८२ आणि वाकडला १,७७३ रुपये होतात. तेव्हा आपली बचत १,०५० नसून १,६४१ आहे. शिवाय वाकडला अनामत किती मागत होते आणि धायरीत किती दिली, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

सातवा मजला:
दलाली राहून गेली, मान्य. सोयीस्करपणे नव्हे, विसरून. अनामत धायरीत ४०,००० दिली, वाकडला ८०,००० मागत होते. पण ती परत मिळते, म्हणून तिला खर्च म्हणत नाही.

पै-पैचा हिशेब:
परत मिळते, पण आधी द्यावी लागते. वाकडला किल्ली हातात येण्यापूर्वी ८०,००० अनामत, १९,५०० भाडे, तेवढीच दलाली आणि करारनाम्याचे ३,००० असे १,२२,००० रुपये लागले असते; धायरीत याच हिशेबाने ६९,००० लागले. पहिला पगार व्हायच्या आधी ५३,००० रुपये जास्तीचे उभे करणे ज्याला शक्य नाही, त्याला आपण ४० तासांची किंमत समजावून सांगत आहात. त्या सल्ल्यात इतर अनेक दोष असतील, परंतु ज्याच्याकडे पैसे नाहीत तो लांबच जाणार, आणि तो मूर्ख असतो म्हणून जात नाही.

लातूरहून आलेला:
पगाराच्या ३० टक्के हे वाक्य वाचून करमणूक झाली, कारण आमच्यासारख्या शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांना पगारच नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत खाटेमागे भाडे देऊन, चौघे राहतो. माझ्या वाट्याला कॉटचे ३,०००, मेसचे ३,२०० आणि अभ्यासिकेचे १,२०० येतात, आणि रविवारी रात्री मेस बंद असते म्हणून वडापावचे वेगळे. मालकांनी खोलीला सबमीटर लावला असून ते युनिटला सरसकट १२ रुपये घेतात. महावितरणच्या पहिल्या १०० युनिटांचा दर त्याहून कितीतरी कमी असतो, हे एकदा बोलून दाखवले, तेव्हा ‘परवडत नसेल तर दुसरीकडे पाहा’ असे उत्तर मिळाले.

बाल्कनीतली तुळस:
सगळे भाडेकरूच बोलत आहेत, म्हणून एक घरमालकीण म्हणून लिहिते. आमच्या फ्लॅटचे भाडे १८,००० येते आणि कर्जाचा हप्ता २७,००० जातो. भाडेकरू ठेवला की स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत जाते, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क महिना १,००० लावते, जे मी नाइलाजाने भाडेकरूकडून घेते. अनामत परत देतानाही रंगकाम कापूनच द्यावे लागते, कारण मागच्या कुटुंबाने हॉलच्या भिंतीवर चिकटपट्टीने पोस्टर लावले होते आणि काढताना प्लॅस्टरसकट पोपडे आले. त्यांच्या मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेनाने, तारखांसह, नोंदवलेली होती.

पै-पैचा हिशेब:
काकू, बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये होतात. उरलेले ८०० आपण सोसायटीशी भांडून वाचवायचे, की भाडेकरूच्या खिशातून काढायचे?

बाल्कनीतली तुळस:
तो आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांना आहे. आमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची आहे, सोयीने तोंडातून ‘सोसायटी’ निघते इतकेच. कायदा शिकवण्यापूर्वी विचारले असते तर बरे झाले असते.

पै-पैचा हिशेब:
ठीक आहे, तो वार फुकट गेला. रंगाचे मात्र सोडत नाही.

उंबरठा:
रंगाबद्दल मलाही बोलायचे आहे. कोथरूडमध्ये आम्ही चार वर्षे राहिलो, दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवून दिले, आणि घर सोडताना रंगाचे २८,००० रुपये कापले गेले. चार वर्षांनी कोणत्याही भिंतीला रंग द्यावाच लागतो, मग ती भाडेकरूची असो वा मालकाची. कहर म्हणजे पुढच्या महिन्यात सहज त्या घरी डोकावलो, तर नवे भाडेकरू राहायला आले होते आणि बेडरूमच्या भिंतीवर आमच्या कॅलेंडरच्या खिळ्याभोवतीचा फिकट चौकोन जसाच्या तसा होता. रंगाचे पैसे घेतले, रंग दिलाच नाही.

बाल्कनीतली तुळस:
एका मालकाने लबाडी केली म्हणून सगळे मालक लबाड ठरत नाहीत. करार नीट वाचून सही करायला कोणी अडवले होते?

उंबरठा:
करार! पहिल्या वर्षी नोंदणी झाली, नंतरची तीन वर्षे ‘आपण काय परके आहोत का’ असे म्हणून त्यांनी ती टाळली. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते आणि ती न केल्यास दंड किंवा कैदही होऊ शकते, हे मला घर सोडल्यावर कळले. इतकेच नव्हे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवत नाही. तुमच्या घराचा करार नोंदवलेला आहे ना?

बाल्कनीतली तुळस:
आहे, दर वेळी असतो, आणि हा प्रश्न मला चोर समजून विचारल्याबद्दल आभार. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि नोंदणीचे १,००० हा मुख्य सरकारी खर्च असताना एजंट ३,००० मागतो, त्यातला अर्धा वाटा मी स्वतःहून देते.

लातूरहून आलेला:
केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच मर्यादित ठेवली आहे, एवढे नमूद करतो.

बाल्कनीतली तुळस:
आदर्श आहे, म्हणूनच कागदावर आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि दोन महिन्यांच्या अनामतीत तुमचे थकलेले वीजबिल तरी भरून निघेल का?

पै-पैचा हिशेब:
धागा घर कुठे घ्यावे याचा होता, तो आता भिंतीला पोचला आहे. तरी त्याच अनुषंगाने धागाकर्त्याला विचारतो. अनामत परत मिळते म्हणून तिला खर्च म्हणत नाही, असे आपण वर म्हणालात. धायरीची ४०,००० पूर्ण परत मिळाली का?

सातवा मजला:
हा प्रश्न येऊ नये अशी इच्छा होती. अकरा महिन्यांनी घर सोडले तेव्हा २६,५०० मिळाले. रंगाचे १३,००० आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोटीचे ५०० कापले. ती तोटी मी राहायला आलो त्या दिवसापासूनच गळत होती, आणि तिच्याखाली ठेवलेले पातेले मी रोज सकाळी कुंडीत रिकामे करत असे. म्हणजे अकरा महिन्यांवर पसरले तर आणखी १,२२७ रुपये गेले, आणि तुमच्याच १,६४१ मधून ते वजा केले तर ४० तासांच्या बदल्यात माझे महिन्याला ४१४ रुपये वाचत होते.

पै-पैचा हिशेब:
वाकडच्या मालकाने रंगाचे कापले नसते, हे आपण कशावरून गृहीत धरलेत?

सातवा मजला:
कशावरूनच नाही.

बाल्कनीतली तुळस:
तोटीचे ५०० मात्र अन्यायाचे आहेत. वॉशर वीस रुपयांना मिळतो.