एसटीएम३२एफ४११ वर एमपी३ वाजवताना आवाज मधूनच तुटतो : आयएमडीसीटी असेंब्लीत लिहू का?

पारोळा_बोर्ड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पारोळा-अमळनेर भागातल्या गावांसाठी एक बोलका डबा करतोय. शेतीपंपाची लाईट या आठवड्यात दिवसा की रात्री, कपाशीवर फवारणी कधी, असे निरोप अहिराणीत रेकॉर्ड करून चावडीवरच्या छोट्या भोंग्यातून वाजवायचे आहेत.

मांडणी अशी: एसटीएम३२एफ४११ या मायक्रोकंट्रोलर चिपचा ब्लॅक पिल बोर्ड, २५ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल, कोअर १०० मेगाहर्ट्‌झ. एसडी कार्ड एसपीआय१ या सीरियल जोडणीवर, १२.५ मेगाहर्ट्‌झने. आय२एस वर (आवाजाचे आकडे नेणारी जोडणी) मॅक्स९८३५७ए अ‍ॅम्प. डिकोडर हेलिक्स लायब्ररीचा, फिक्स्ड पॉइंटवाला (पूर्णांकांत गणित करणारा). फाइली १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्‌झ, स्टीरिओ. कार्डावरच्या फाइलींसाठी फॅटएफएस लायब्ररी वापरतोय, आरटीओएस (कामं वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) नाही. मेन लूपमध्ये एफ_रीड (फाइल वाचणं), मग एका फ्रेमचं, म्हणजे एमपी३ च्या एका तुकड्याचं, डिकोड, मग डीएमएचा (प्रोसेसरला न गुंतवता डेटा पुढे पाठवणारा भाग) अर्धा बफर रिकामा व्हायची वाट. बफर दोन फ्रेमचा. कधी काय वाजलं याची नोंदही त्याच कार्डावर लॉग फाइलीत जाते.

अडचणी तीन आहेत. दर पाचेक सेकंदांनी आवाज तुटतो आणि क्षणभर मागचाच तुकडा पुन्हा ऐकू येतो. दुसरं, निरोप सुट्या शब्दांच्या फाइली जोडून बनवतो, म्हणजे 'आज', 'लाईट', 'रातले' (रात्री), 'शे' (आहे); त्यात प्रत्येक शब्दाची सुरुवात खाल्ली जाते आणि डिकोडर −२ एरर देतो. तिसरं, काही फाइलींवर डिकोडर सुरुवातीलाच अडकून बसतो.

−ओएस ने (कोड लहान ठेवणारा कंपायलरचा पर्याय) एका फ्रेमला सरासरी ९ मिलिसेकंद लागतात. आयएमडीसीटी (डिकोडमधलं एक जड गणित) असेंब्लीत लिहिला तर सुटेल का?

---

गिरणाकाठ

भाऊ, असेंब्लीला हात लावू नका. प्रोसेसर कमी पडत नाहीये, हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. ४४.१ किलोहर्ट्‌झला ११५२ सॅम्पलची फ्रेम २६.१२ मिलिसेकंदांची असते, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झवर २६ लाख १२ हजार सायकल. त्यातल्या ९ लाख तुम्ही वापरताय. आयएमडीसीटी निम्म्या वेळात झाला तरी आवाज तुटायचा तो तुटेलच.

सरासरी बघून काही कळत नाही, सगळ्यात वाईट वेळ मोजा. चिपमधला डीडब्ल्यूटीचा सायकल काउंटर (क्लॉकचे ठोके मोजणारा) चालू करा (आधी डीईएमसीआर रजिस्टरमध्ये टीआरसीईएनए बिट, नाहीतर काउंटर शून्यावरच राहतो). मग एफ_रीड, एफ_राइट, एफ_सिंक (लिहिलेलं कार्डावर पक्कं करणं) आणि डिकोड या प्रत्येकाची फक्त कमाल संख्या साठवा. लॉग दर किती सेकंदांनी सिंक करता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाच असणार असं वाटतं. एसडी कार्डाला लिहिताना २५० मिलिसेकंदांपर्यंत 'बिझी' राहायची मुभा स्पेसिफिकेशननेच दिलेली आहे आणि वाचताना १०० पर्यंत. तुमच्याकडे शिल्लक फार तर दोन फ्रेम, म्हणजे ५२ मिलिसेकंद. कार्ड एवढा वेळ अडून बसलं की डीएमए गोल फिरून जुनाच बफर पुन्हा वाजवतो. मागचा तुकडा पुन्हा ऐकू येतो तो यामुळेच.

पहिलं काम, निरोप वाजत असताना कार्डावर काहीही लिहू नका. नोंदी रॅममध्ये ठेवा, निरोप संपला की एकदम लिहा.

दुसरं, बफर वाढवायचा तो पीसीएमचा (डिकोड झालेल्या कच्च्या आवाजाचा) नाही, एमपी३ चा. ८१९२ बाइटमध्ये १६-बिट स्टीरिओ पीसीएम जेमतेम ४६ मिलिसेकंदांचा बसतो. १२८ केबीपीएसचा एमपी३ तेवढ्याच जागेत ५१२ मिलिसेकंदांचा बसतो. एफ४११ ला १२८ केबी रॅम आहे, १६ केबीचा रिंग बफर (टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा) घेतलात तरी जड नाही.

पण नुसता रिंग बफर टाकून भागणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथंच अडते. वाचणं आणि डिकोड दोन्ही एकाच लूपमध्ये असतील, तर एफ_रीड अडकल्यावर डिकोडही अडकतो, मग बफरात कितीही माल असो. आरटीओएसशिवाय सरळ उपाय म्हणजे डिकोड पेंडएसव्हीमध्ये (कोडमधून हवा तेव्हा उठवता येणारा इंटरप्ट) न्या. डीएमएच्या अर्ध्या आणि पूर्ण इंटरप्टमध्ये फक्त कोणता अर्धा मोकळा झाला ते नोंदवा आणि पेंडएसव्ही उठवा. पेंडएसव्ही रिंगमधून एक फ्रेम घेऊन थेट त्या अर्ध्यात डिकोड करतो. मेन लूपला रिंग भरत राहण्याशिवाय दुसरं काम नको.

प्रायॉरिटी नीट लावा (आकडा मोठा तितकं महत्त्व कमी): पेंडएसव्ही सगळ्यात खाली, १५. सिसटिक (वेळ मोजणारा टायमर) १४, डीएमए ५. क्यूबएमएक्स या सेटिंग करायच्या साधनात पेंडएसव्ही मुळात ० वर असतो. तो तसाच राहिला तर प्रत्येक डिकोडच्या वेळी ९ मिलिसेकंद सगळे इंटरप्ट थांबतात आणि टाइमआउटही चुकतात. पोलिंगवर चाललेलं एसपीआय वाचन मध्येच थांबलं तर कार्डाला त्रास नाही. क्लॉक आपण देतो, तो थांबला की कार्डही थांबतं.

रिंगच्या दोन गोष्टी. लिहिण्याचा इंडेक्स फक्त मेन बदलेल, वाचण्याचा फक्त पेंडएसव्ही. आधी डेटा, मग डीएमबी (लिहिण्याचा क्रम राखणारी सूचना), मग इंडेक्स. आणि हेलिक्सला अख्खी फ्रेम सलग लागते. लेअर ३ ची सगळ्यात मोठी फ्रेम १४४१ बाइटची (३२० केबीपीएस, ३२ किलोहर्ट्‌झ, पॅडिंगसह). म्हणून रिंगच्या शेवटी १४४१ बाइट जादा ठेवा आणि रिंगच्या सुरुवातीला काही लिहिलं की तेच तिथेही उतरवा. मग फ्रेम टोकावर तुटत नाही.

रिंग रिकामी मिळाली तर त्या अर्ध्या बफरात शून्यं भरा आणि एक काउंटर वाढवा. जुना तुकडा पुन्हा वाजण्यापेक्षा क्षणभर शांतता बरी, आणि किती वेळा घसरलं तेही मोजता येतं.

तिसऱ्या अडचणीबद्दल विचारायचं होतं. अडकणाऱ्या फाइलींना देवनागरीत शीर्षक दिलंय का?

---

पाचोरा_८०५१

यात एक भर. भाषणच वाजवायचंय तर स्टीरिओ कशाला? मोनो करा. शिवाय २२.०५ किलोहर्ट्‌झला उतरवा. तिथे एमपेग-२ लागू होतो, फ्रेममध्ये दोनऐवजी एकच ग्रॅन्युल (फ्रेमचा उपतुकडा), ५७६ सॅम्पल. फ्रेमचा वेळ तोच २६ मिलिसेकंद, पण गणित निम्मं.

आणि डीबग बिल्डवर वेळ मोजू नका. −ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद) ३२ गुणिले ३२ चा ६४-बिट गुणाकार कंपायलर तीन गुणाकारांत करतो, −ओ२ ला एकाच एसएमयूएलएल सूचनेत, आणि एम४ वर (या चिपचा कोअर) तो एका सायकलचा आहे. पूर्ण प्रोजेक्ट −ओएस राहू द्या, फक्त डिकोडरच्या फोल्डरला −ओ२ लावा.

---

वाघूर_डीएसपी

मोनो बरोबर, पण २२.०५ इथे चालणार नाही. मॅक्स९८३५७ए फक्त ८, १६, ३२, ४४.१, ४८, ८८.२ आणि ९६ किलोहर्ट्‌झ घेतो, ११.०२५, १२, २२.०५ आणि २४ चालत नाहीत, असं डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय. हे माहीत नसलं की माणूस आठवडाभर डिकोडरमध्ये चूक शोधत बसतो. निम्मा दर हवा असेल तर १६ घ्या.

१६ साठी पीएलएलआय२एस (आय२एसचा क्लॉक बनवणारा भाग) असा: क्रिस्टल २५, म्हणून एम = २५; एन = २५६, आर = ४, म्हणजे ६४ मेगाहर्ट्‌झ. एमसीएलके (मास्टर क्लॉक) बंद ठेवा, या अ‍ॅम्पला तो लागत नाही. १६-बिट चॅनेलला ६४०००००० भागिले (३२ × १२५) म्हणजे नेमके १६०००. आय२एसडिव्ह ६२, ऑड १. आय२एस फ्रेम स्टीरिओच असते, म्हणून मोनोचं प्रत्येक सॅम्पल डावीकडे-उजवीकडे दोनदा लिहायचं. ते राहिलं तर आवाज दुप्पट वेगाने, चिरका येतो.

आता −२ एरर. हा डिकोडरचा दोष नाही. एमपी३ च्या फ्रेमचा डेटा आधीच्या फ्रेमच्या मोकळ्या जागेत, ५११ बाइटपर्यंत मागे सुरू होऊ शकतो. याला बिट रिझर्व्हॉयर म्हणतात. लांब रेकॉर्डिंग पुन्हा एन्कोड न करता कापलं की पहिल्या फ्रेमचा मागचा डेटा कापल्या जागीच राहतो. डिकोडर 'मेन डेटा अपुरा' म्हणतो आणि शब्दाचं पहिलं अक्षर जातं. अशा वेळी डिकोडर रीसेट न करता ती फ्रेम शांत सोडून पुढची द्यायची, हे खरं. पण शब्द जोडायचे असतील तर हा उपाय अपुरा आहे. कच्च्या वेव्ह फाइली कापा आणि मग लेम या एन्कोडरने −−नोरेस (रिझर्व्हॉयर बंद) लावून एन्कोड करा. −टी पण लावा, म्हणजे पुढे माहितीची जादा फ्रेम येत नाही. आली तर ती एका अख्ख्या फ्रेमची शांतता म्हणून वाजते.

एवढं करूनही जोड पूर्ण बुजणार नाही. लेमचे ५७६ आणि डिकोडरचे ५२९, असा ११०५ सॅम्पलचा उशीर प्रत्येक फाइलीच्या तोंडाशी असतो. १६ किलोहर्ट्‌झला ते ६९ मिलिसेकंद झाले. 'रातले' आणि 'शे' यांच्यात एवढी फट पडली की बोलणं यंत्राचं वाटतं, आणि चावडीवर ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या कामाला एमपी३ नको, आयएमए एडीपीसीएम (लागोपाठच्या सॅम्पलमधला फरक थोड्या बिटांत साठवणारी पद्धत) घ्या. १६ किलोहर्ट्‌झ मोनोला सॅम्पलमागे ४ बिट, सेकंदाला ८००० बाइट आणि वर थोडी हेडरं. कार्डावर जागेची चणचण नाही. छोट्या भोंग्यातून ७-८ किलोहर्ट्‌झच्या वर तसंही फारसं काही निघत नाही. उशीर शून्य, रिझर्व्हॉयर नाही, आणि प्रत्येक ब्लॉक स्वतःच्या हेडरपासून स्वतंत्र सुरू होतो, त्यामुळे शब्द हवे तिथे जोडता येतात. २५६ बाइटच्या मोनो ब्लॉकमध्ये ४ बाइट हेडर आणि ५०५ सॅम्पल. ब्लॉकची लांबी मात्र वेव्हच्या हेडरमधून वाचा, २५६ गृहीत धरू नका.

डिकोडर असा. स्टेप तक्त्यात ८९ आकडे. निबल (४ बिटांचा अर्धा बाइट) घ्यायचा; फरक = स्टेप >> ३; निबलचा बिट ० असेल तर त्यात स्टेप >> २, बिट १ असेल तर स्टेप >> १, बिट २ असेल तर पूर्ण स्टेप मिळवायची. बिट ३ असेल तर फरक वजा, नाहीतर अधिक. बेरीज −३२७६८ ते ३२७६७ मध्ये अडवायची. एम४ वर एक एसएसएटी (आकडा मर्यादेत अडवणारी सूचना) पुरतो. मग इंडेक्समध्ये खालच्या तीन बिटांप्रमाणे −१, −१, −१, −१, २, ४, ६, ८ मिळवून तो ० ते ८८ मध्ये ठेवायचा. गुणाकार एकही नाही.

---

पारोळा_बोर्ड

लॉग दर पाच सेकंदांनीच सिंक होत होता. तो निरोपानंतर लिहायला लावला आणि डिकोड पेंडएसव्हीत नेला. अर्धा तास सलग वाजवून घसरण-काउंटर शून्य. पेंडएसव्ही खरंच ० वर होता. अडकणाऱ्या सगळ्या फाइलींना मोबाइलवरून देवनागरी शीर्षक दिलेलं निघालं, पण त्याचा संबंध काय?

एडीपीसीएमही लिहून बघितला. शब्द ओळखू येतात, पण सगळ्यावर जोराची खरखर आहे. आणि मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बोर्ड टिकेल का?

---

गिरणाकाठ

आयडी३ म्हणजे फाइलीच्या तोंडाशी शीर्षक वगैरे ठेवणारा टॅग. त्याच्या २.३ आवृत्तीत मजकूर लॅटिन-१ किंवा यूटीएफ-१६ मध्येच असतो, म्हणून देवनागरी शीर्षक यूटीएफ-१६ मध्ये जातं आणि त्याच्या तोंडाला एफएफ एफई हे दोन बाइट लागतात. हेलिक्स फ्रेमची सुरुवात ओळखायला सलग १२ बिट '१' असलेली जागा शोधतो. एफएफ एफई त्यात चपखल बसतं. पुढचं हेडर चुकीचं निघतं, एरर येते, आणि तुमचा कोड एकही बाइट पुढे न सरकता पुन्हा तिथेच शोधत असेल तर तो तिथेच फिरत राहतो. हेडर चुकलं की किमान एक बाइट पुढे जा. त्याहून बरं, फाइल 'आयडी३' ने सुरू होत असेल तर टॅग अख्खा ओलांडा: ६ ते ९ हे चार बाइट, प्रत्येकाचे खालचे ७ बिट जोडून लांबी, अधिक हेडरचे १०. नेहमीचा ३२-बिट आकडा म्हणून वाचलात तर १२७ बाइटपर्यंतचे टॅग बरोबर येतील आणि मोठे चुकतील. ओलांडताना मात्र ५१२ च्या पटीत खाली येऊन वाचा आणि पुढचे नको असलेले बाइट टाकून द्या. आडव्या ऑफसेटवरून वाचलं की फॅटएफएस प्रत्येक वेळी सेक्टर आपल्या बफरात घेऊन मग कॉपी करतो.

---

वाघूर_डीएसपी

खरखर म्हणजे निबलचा क्रम उलटा. वेव्हमधल्या आयएमएत प्रत्येक बाइटचा खालचा निबल आधी, वरचा नंतर. तो सुधारल्यावरही फक्त मोठ्या आवाजाच्या अक्षरांवर फटाका आला तर बेरीज अडवायची राहिली असेल. आणि ब्लॉक हेडरमधलं पहिलं १६-बिट मूल्य हेच पहिलं सॅम्पल आहे, ते वाजवायचं. ते सोडलं तर दर ब्लॉकला एक सॅम्पल कमी पडतं.

उन्हाचं म्हणाल तर चिपच्या नावाच्या शेवटी ६ असेल तर ती ८५ अंशांपर्यंतची आहे. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये सावलीतच ४५ होतं, आणि बंद पत्र्याचा डबा उन्हात त्याच्या बराच वर जातो. डबा ओट्याच्या सावलीच्या बाजूला, पांढरा रंगवून, खाली-वर जाळीची भोकं पाडून लावा. क्लॉक क्रिस्टलवरूनच घ्या. आतल्या आरसी ऑसिलेटरचा दर तापमानाबरोबर सरकतो आणि त्याबरोबर आवाजाची पट्टीही. अ‍ॅम्पच्या ५ व्होल्टच्या पायांशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, तो १०५ अंशांचा घ्या.